काकूंच्या वाळकाचं बी

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवतो. अंकाच्या संपादकबाई फोनवर म्हणाल्या होत्या, "बागेतले प्रसन्न अनुभव लिहा." म्हटलं, आठवून बघतो. आठवून बघितले. तीस वर्षांत दोन-तीन निघाले, तेही घरमालक गावाला गेलेले असतानाचे. बाकी सगळा राग आहे. तोच लिहितो, चालला तर छापा.

माझं नाव मल्लिनाथ. आडनाव माळी नाही, पण सोलापुरातल्या बऱ्याच बंगल्यांच्या फोनमध्ये मी 'मल्लू माळी' आहे. राहायला भवानी पेठेत, जिथं एक कुंडी ठेवायची तर आधी कुणाची तरी स्कूटर हलवावी लागते. त्यामुळं मी दुसऱ्यांच्या जागेत भाजी लावतो. माळी म्हटलं की लोकांना गुलाब आणि लॉन आठवतं. ती कामं मी घेत नाही. ज्या शहरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तिथं लॉनला पाणी पाजणाऱ्या माणसाशी मला बोलायचंही नसतं. भेंडी, गवार, दोडका, कारलं, चवळी, वांगं. खाता येईल ते लावतो.

या कामाचा खरा हंगाम माघ संपल्यापासून पाडव्यापर्यंत. थंडी उतरलेली असते, ऊन अजून डोक्यावर बसलेलं नसतं. तेवढ्या दिवसांत जमीन साफ करून बी टाकलं तर वैशाखात घरची भाजी मिळते. उशीर झाला की रोप वर येतं आणि ऊन त्याला भाजून काढतं. म्हणजे माझं वर्षाचं नाव त्या महिनाभरात होतं किंवा जातं. नेमक्या त्याच दिवसांत लोकांना अकला सुचतात. हाताखाली माणूस मिळणं तर विचारूच नका. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

सगळ्यात नेहमीची अक्कल म्हणजे, "मल्लू, आधी ते गवत तेवढं काढून टाक, मग कामाचं बघू." अहो, तेच काम आहे. बी टाकायला अर्धा दिवस लागतो, तण काढायला पंधरा. हराळीला पेरापेराला मूळ फुटतं. कुदळीनं तिचे तुकडे केले की ती साफ झालेली नसते, पेरलेली असते. आधी ओल द्यायची, माती भुसभुशीत करायची आणि शिवण उसवताना दोरा ओढतात तशी ती अख्खी ओढून काढायची. एवढं करून कमरेवर हात ठेवून उभं राहावं, तर घरचे गृहस्थ चहाचा कप घेऊन बाहेर येतात आणि म्हणतात, "तेवढा कोपरा राहू दे हं, गणपतीला दूर्वा लागतात."

एका वकीलसाहेबांकडं मी चार वर्षं वांगी लावली. चारही वर्षं त्या पवित्र कोपऱ्यातनं हराळी निघाली आणि वांग्यांच्या बुडाशी येऊन बसली. पाचव्या वर्षी मी म्हणालो, साहेब, तुमच्या दूर्वा दर मंगळवारी मी बाजारातनं आणून देतो. ते म्हणाले, "घरच्या दूर्वांची गोष्ट वेगळी असते." मी काम सोडलं. आता तिथं फक्त दूर्वा आहेत. देव खूष असेल, वांगी मात्र ते मंडईतनं आणतात.

दुसरे एक साहेब बँकेतनं निवृत्त झालेले. त्यांनी कुठल्याशा व्हिडिओत बघितलं की गवतावर मीठ टाकलं की गवत मरतं. मी दोन दिवस वैरागला पाहुण्यांकडं गेलो होतो. परत येऊन बघतो तर अख्ख्या वाफ्यावर खडे मीठ पसरलेलं, त्यावर बोअरचं पाणी सोडलेलं. आमच्याकडचं बोअरचं पाणी आधीच मचूळ. मी त्यांना म्हणालो, "साहेब, लोणचं घालायचं होतं तर बरणीत घालायचं." ते दुखावले. त्यांची कढीपत्त्याची दोन झाडं वाळली, शेवगा वाळला, लिंबू वाळलं. पाऊस पडून गेल्यावर त्या जागेत पहिलं हिरवं काय उगवलं असेल? हराळी. तिला मिठाचं काही वाटत नाही. हे मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, पण विचारायचं कोण? माळ्याला सांगतात, विचारत नाहीत.

हे वाक्य मी फार वर्षं मोठ्या तोऱ्यात म्हणत आलो. ज्या प्रसंगासाठी मी हे सगळं लिहायला बसलोय, त्यानं ते माझ्याच तोंडावर मारलं.

विजापूर रोडच्या बाजूला एका वसाहतीत मी बारा वर्षं एका बंगल्याची परसबाग बघतो. घर मुलगा-सुनेचं, पण बाग काकूंची. काकू म्हणजे मुलाची आई, सत्तरीच्या पुढच्या. सगळी वसाहत त्यांना काकूच म्हणते. बाई करारी. दोडक्याचा वेल मांडवावर कुठल्या बाजूनं चढवायचा यावरनं त्यांनी माझ्याशी दोन दिवस अबोला धरलेला आहे. माहेर भीमेच्या काठचं. ते गाव उजनीच्या पाण्याखाली गेलं. तिकडं पूर्वी उन्हाळ्यात नदी आटली की पात्रातल्या वाळूत खड्डे घेऊन लोक वाळूक लावत. वाळूक म्हणजे काकडीची रानटी बहीण म्हणा. कोवळं असताना हिरवं आणि गच्च, पिकलं की पिवळं होऊन तडकतं आणि त्याचा वास घरभर फिरतो. एरवी वाळूक पावसाळ्यातलं, बाजरीत टाकायचं. काकूंचं मात्र उन्हाळी, वाळूतलं. तसं मी दुसरीकडं कुठं बघितलेलं नाही. धरण झालं, वाळू गेली, भावांनी वर नवीन गावात ऊस धरला आणि वाळूक सोडून दिलं. लग्न होऊन आलेल्या काकूंकडं तेवढं बी राहिलं. त्या गावातली दुसरी वस्तू त्यांच्याकडं नव्हती, साधा फोटोही नव्हता. त्या बियासाठी त्यांचा जीव खालीवर व्हायचा, हे मी दर फाल्गुनात बघत होतो.

बी ठेवायची त्यांची रीत जुनी. दोन-तीन चांगली वाळकं वेलावरच पिकू द्यायची. बी काढून राखेत चोळायचं, ताज्या शेणात कालवायचं आणि मागच्या भिंतीवर पुरणपोळीएवढ्या थाप्या थापायच्या. कीड लागत नाही, उंदीर तोंड लावत नाही. होळी जळाली, थंडी पळाली, की धुळवडीच्या सकाळी थापी फोडायची, बी कोमट पाण्यात भिजवायचं आणि दुसऱ्या दिवशी आळ्यात लावायचं. होळीआधी थापीला हात लावायचा नाही.

आणि बी कुणाला द्यायचं नाही. त्यांच्या आईनं सांगितलं होतं म्हणे, बी घराबाहेर गेलं की वेल रुसतो. मी तीन वेळा मागितलं. म्हटलं काकू, एकाच भिंतीवर सगळा संसार ठेवू नका, दहा बिया मला द्या, दुसऱ्या कुणाच्या बागेत लावून ठेवतो. तिन्ही वेळा त्यांनी विषय बदलला. सुनेनं एकदा तिच्या आईसाठी मागितलं, तिलाही नाही. मी मनात आणलं असतं तर बारा वर्षांत मूठभर बी खिशात घालणं काही अवघड नव्हतं. घातलं नाही. प्रामाणिकपणाचा एवढा पश्चात्ताप मला आयुष्यात दुसऱ्या कशात झालेला नाही.

गेल्या वर्षी होळीच्या आधी आठ दिवस मी काकूंच्या फाटकालगतच्या लांब वाफ्यात लव्हाळा काढत होतो. लव्हाळा हा हराळीचाही बाप. वर चार पाती दिसतात, खाली सुपारीहून लहान गाठ असते, त्या गाठीला दोरा, दोऱ्याला पुढची गाठ. नुसती पाती उपटली की खालच्या निजलेल्या गाठी जाग्या होतात. म्हणून खुरप्यानं बाजूची माती सैल करायची आणि गाठीमागनं गाठ शोधत, माळ तुटू न देता काढायची. आठ दिवस मी गुडघ्यांवर होतो. वाफ्याचा दोन-तृतीयांश भाग मी असा हातानं चाळला होता. दोन घमेली गाठी निघाल्या होत्या.

होळीच्या दिवशी दुपारी चारला मी उरलेला भाग काढायला गेलो. वाफा रव्यासारखा सपाट होता. वहिनी, म्हणजे काकूंची सून, हसत बाहेर आल्या.

"मल्लूमामा, सरप्राइज. माझ्या भावानं ओळखीच्या माणसाकडनं छोटा रोटर पाठवला होता. अर्ध्या तासात सगळं झालं बघा. तुमच्या पाठीला आराम."

ज्यांना रोटर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, त्याला खाली फिरणारी पाती असतात, ती माती चिरून कालवतात. उरलेल्या एका भागातला लव्हाळा त्यानं बारीक करून तिन्ही भागांत सारखा पसरला होता. माझे आठ दिवस मातीत गेले होते, आणि पुढची तीन वर्षंही.

मी काय काय बोललो ते सगळं इथं लिहीत नाही. "पाच मिनिटं फोन करून विचारलं असतं तर जीभ झिजली असती का?" हे त्यातलं सौम्य वाक्य. शेजारच्या गच्चीवर माणसं आली. वहिनी पहिल्यांदा "सॉरी मामा" म्हणाल्या, मग डोळे पुसत आत गेल्या. काकू आत पुरणाच्या गडबडीत होत्या. त्या बाहेर आल्या नाहीत.

त्याच वेळी फाटकाशी वसाहतीतली चार-पाच निवृत्त मंडळी हातगाडी घेऊन आली. होळीसाठी घरोघर फिरत होती. "माळीबुवा, गोवऱ्या, लाकूडफाटा काय असेल तर द्या."

घराच्या बाजूच्या बोळात एक पोतं ठेवलेलं होतं. तोंड सुतळीनं बांधलेलं, फटीतनं गोवऱ्यांच्या कडा दिसत होत्या. मी ते उचललं आणि गाडीवर आदळलं. "घेऊन जा," मी म्हणालो, "सगळं जाळा." खुरपं तिथंच टाकलं आणि घरी निघून गेलो. मागच्या बाजूला फिरकलो असतो, तर भिंत कोरी पांढरी दिसली असती. मी फिरकलो नाही.

धुळवडीच्या सकाळी राग थोडा उतरला होता आणि लाज वर आली होती, म्हणून लवकर गेलो. काकू कोमट पाण्याचं पितळी वाटकं घेऊन मागच्या दारी आल्या. भिंतीकडं बघून थबकल्या.

"बी कुटं हाय गं?" त्यांनी आत हाक मारली.

वहिनी आतनंच म्हणाल्या, "आई, पेंटर येणार होता ना, म्हणून परवा मी एकेक थापी हलक्या हातानं सोडवून घेतली. एकही फुटू दिली नाही. पोत्यात भरून बोळात ठेवलीय, सुतळी बांधून."

ज्या बाईला मी आदल्या दिवशी गच्चीवरच्या लोकांदेखत अक्कलशून्य म्हणालो होतो, तिनं त्या थाप्या अंड्यांसारख्या जपल्या होत्या. मी म्हणालो, "काकू, ते पोतं मी दिलं. होळीला."

काकूंनी वाटकं पायरीवर ठेवलं. "सगळं?"

"सगळं."

होळी पेटवली होती त्या मैदानाकडं मी पळालो. लोक राख कपाळाला लावत होते, एकमेकांना माखत होते. मी खाली बसून राख उपसायला लागलो तेव्हा त्यांना वाटलं मी प्यायलोय. बऱ्याच थाप्या आकारानं अख्ख्या होत्या. हात लावला की ढासळत होत्या. आत बियांच्या जागी पांढरे ठिपके होते, चिमटीत धरले की पीठ. वाळूचाळणी आणून मी दुपारपर्यंत चाळत बसलो. एक बी मिळालं नाही. वाफ्याच्या कडेला आपोआप उगवलेलं एखादं रोप असेल म्हणून तिथंही शोधलं. रोटरनं तिथंही काही ठेवलं नव्हतं.

काकू रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या "जाऊ दे" म्हणाल्या आणि मागच्या दारी यायच्या बंद झाल्या. भेंडी कुठं लावू विचारलं, तर म्हणाल्या, "तुला कळंल तिथं लाव." बारा वर्षांत असं त्या कधी म्हणाल्या नव्हत्या. मला त्यांचाही राग येत होता. तीनदा मागितलेल्या दहा बिया दिल्या असत्या, तर ही वेळ आली नसती. पण हे बोलायचं तोंड मला नव्हतं.

तिसऱ्या दिवशी भेंडीचं बी टोचताना मला सुमन आठवली.

सुमन काकूंकडं धुण्याभांड्याला होती. सहा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ती घरी निघाली असताना तिच्या पिशवीतनं मला पिवळं वाळूक दिसलं, बियासाठी वेलावर राखलेलं. मी फाटकातच तिला अडवलं. "ए सुमन, काढ ते बाहेर," म्हणालो. गल्ली गोळा होईपर्यंत बोललो. चोर म्हणालो. ती "न्हाई ओ, न्हाई ओ" एवढंच म्हणत उभी होती, हातात पिशवी घट्ट धरून. वाळूक मी काढून घेतलं नाही, वाटलं आता सगळ्यांनी बघितलंय, पुरे झालं. दुसऱ्या दिवसापासून ती कामावर आली नाही. वसाहतीतल्या बाकीच्या घरांनीही तिला काढलं. ती वैरागला भावाच्या आसऱ्याला गेली, एवढं कानावर आलं होतं. ही गोष्ट मी पुढं पुष्कळ ठिकाणी सांगितली, माळी कसा डोळ्यांत तेल घालून राहतो याचा दाखला म्हणून.

मी हात धुऊन काकूंकडं गेलो. त्या स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होत्या. म्हटलं, "काकू, सुमननं चोरलेल्या वाळकाचं बी तिनं कुठं लावलं असेल का?"

त्यांचा हात थांबला. म्हणाल्या, "तिनं चोरलं न्हवतं, मल्लू. मी दिलं होतं."

मी दाराच्या चौकटीशी खाली बसलो.

"तिची मुलगी आजारी होती. तोंडाला चव न्हवती पोरीच्या. वाळूक मागत होती. वेलावर तेवढंच पिकलेलं होतं, दिलं."

"मग तुम्ही त्या दिवशी बोलला का नाही? तुम्ही तर दारातच उभ्या होता."

"सूनबाई शेजारी उभी होती. तिच्या आईला मी एक बी दिलं न्हवतं. कुठल्या तोंडानं म्हणू, मोलकरणीला दिलं?" त्यांनी सूप खाली ठेवलं. "आणि खरं सांगू का? तू एवढा ओरडत होतास की माझी बोलायची छातीच झाली न्हाई. तुझ्या रागाला मी भिते, मल्लू. आमी सगळीच भितो."

माझ्या रागाचा मला अभिमान होता. मला वाटायचं, तो बागेच्या बाजूनं आहे. ज्या घरात मी पगारी माणूस, त्या घरची मालकीण स्वतःच्या दारात खरं बोलायला मला घाबरली, आणि एका बाईचं पोटपाणी गेलं. काकूंचा मला राग आला, अजूनही येतो. त्यांनी नंतर तरी बोलायला पाहिजे होतं. पण त्यांना सहा वर्षांत मी एकदा तरी विचारलं होतं का, हे वाळूक कुणी दिलं म्हणून? सुमनला तरी विचारलं होतं?

"मी वैरागला जातो," मी म्हणालो. "तिला काय सांगू?"

"खरं सांग," काकू म्हणाल्या आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. सोबत यायचं त्यांनी म्हटलं नाही, मीही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं वैरागला उतरलो. विचारत विचारत घर सापडलं. बाजारपेठेच्या मागची गल्ली, पत्र्याची घरं, प्रत्येक घराच्या मोरीचं पाणी पुढच्या हातभर जागेत सोडलेलं. सुमन दारात बसून खुरपं घासत होती. केस पांढरे झालेले. तिनं मला लगेच ओळखलं, पण उठली नाही.

तिच्या मोरीच्या पाण्यावर तीन आळी होती. प्रत्येक आळ्यात दोन-दोन रोपं, नुकती बोटभर वर आलेली. पानाची ती कातर मी बारा वर्षं बघितलेली आहे. माझे डोळे तिथंच अडकले.

"सुमनताई," मी म्हणालो. ताई मी तिला पहिल्यांदाच म्हणत होतो.

"काय काम काढलं?"

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. म्हटलं, "काकूंचं बी गेलं. माझ्या हातनं गेलं, मी होळीत दिलं. तुमच्याकडं असेल तर मागायला आलोय." मग बाकीचं सांगितलं. काकूंनी मला काल सांगितल्याचंही सांगितलं.

तिनं खुरपं पायाशी ठेवलं. "म्हंजी कालपतोर तुमास्नी म्या चोरच वाटत हुते."

"हो."

"एकदा इचारायचं की. कुणी दिलं गं, एवढंच. म्या सांगितलं असतं." ती चढ्या आवाजात बोलत नव्हती. "काकूंचं एक वेळ समजतंय मला. लई माणसं हाईत त्यांच्या घरात, सगळ्यांची तोंडं बघावी लागत्यात. पर तुमी तर माझ्यावानीच कामाचं माणूस हुता."

मी विचारलं, "मुलगी कशी आहे?"

"बरी हाय. बार्शीला दिली. त्या वाळकाचं बी तिनंच धुऊन ठिवलं हुतं."

"बी शिल्लक आहे?"

"माझं सगळं लावून झालं." माझा चेहरा तिनं वाचला असावा. "पर हाय गल्लीत. चार घरी हाय. ज्येनं मागितलं त्येला दिलं. बी काय पेटीत घालून ऱ्हातंय व्हय?"

बारा वर्षं आम्ही ज्या बियाला पहारा दिला, ते इथं मोरीच्या पाण्यावर चार घरांत निवांत उगवत होतं. मला हसू यायला पाहिजे होतं. त्या वेळी आला तो रागच, पण या खेपेला दुसऱ्या कुणावर काढायला जागा नव्हती.

सुमन उठली. पदराला हात पुसले. "शेजारच्या शारदीकडं थापी हाय. मागते. पर ती इचारंल, कुणाला पायजे. काय सांगू?"

"खरं सांगा," मी म्हणालो.

"समदं?"

"सगळं."

सुमन गल्लीच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि कुणालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "शारदे, वाळकाच्या बियाची थापी दे गं एक. सोलापुरात मला चोर म्हणलं हुतं न्हाई का, त्यो माळी आलाय मागायला."

एकेका दारात बाया आल्या. कुणी हातात लाटणं घेऊन, कुणी ओल्या हातांनी. समोरच्या ओट्यावरचा म्हातारा चष्मा लावून बघायला लागला. शारदा थापी आणायला आत गेली होती, तिला वेळ लागत होता. मला सावलीत सरकावंसं वाटलं, निदान मान तरी फिरवावीशी वाटली. सुमन बघत होती. मी गल्लीच्या मधे, हातात रिकामी पिशवी धरून, शारदा बाहेर येईपर्यंत तसाच उभा राहिलो.